नॉटपेड: पाठवणाऱ्याने द्यायचे की घेणाऱ्याने?

आमच्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एक अक्षर तिला ओळखता यायचं. आजोबांचं. ते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते आणि ती रत्नागिरीकडच्या गावात. महिन्याला मनीऑर्डर यायची, तिच्या कुपनावर दोन ओळी असायच्या, त्या पोस्टमन वाचून दाखवायचा. पण अधूनमधून, विशेषतः पावसाळ्यात, एक पाकीट यायचं ज्यावर तिकीटच नसायचं. पोस्टमन ओटीवर टेकायचा आणि म्हणायचा, "नॉटपेड आहे."

नॉटपेड म्हणजे पाठवणाऱ्याने टपालहशील न भरलेलं पत्र. ते सोडवून घ्यायचं तर घेणाऱ्याने दुप्पट पैसे मोजायचे. आजी पाकीट हातात घ्यायची, वरचं अक्षर निरखायची आणि परत करायची. "पैसे नाहीत, घेऊन जा." पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नसायचं, त्यामुळे खात्याला ते परत तरी कुणाला पाठवता येणार? आत कोरा कागद असायचा. निरोप अक्षरातच होता: मी धड आहे, काळजी करू नकोस.

ही गोष्ट आजी मोठ्या मिस्कीलपणे सांगायची. मला तिची पुन्हा आठवण झाली ती २०१५ साली, जेव्हा 'नेट न्यूट्रॅलिटी' हा शब्द एकाएकी मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. वाद बिट्स आणि बँडविड्थचा होता, पण मुळातला प्रश्न आजीच्या ओटीवरचाच होता. निरोपाचे पैसे कुणी द्यायचे, पाठवणाऱ्याने की घेणाऱ्याने? हा प्रश्न हिशेबाचा वाटतो. त्याचा इतिहास बघितला तर लक्षात येतं की कुणाला बोलता येईल आणि कुणाला नाही, हे प्रत्येक वेळी त्याच्या उत्तरावर ठरलेलं आहे.

पेनी आणि अर्धा आणा

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात बहुतेक पत्रांचे पैसे घेणारा द्यायचा, आणि तेही अंतर आणि कागदांची संख्या मोजून. त्यामुळे पत्र येणं ही गरिबाच्या घरी आपत्ती असे. कवी कोलरिजच्या नावाने एक किस्सा सांगतात. एक बाई पोस्टमनला पत्र परत करत होती, कोलरिजने दयेपोटी पैसे भरले. पोस्टमन गेल्यावर बाईने सांगितलं की पैसे फुकट गेले, भाऊ कोरा कागदच पाठवतो, खुशाली कळावी म्हणून. आमच्या आजोबांनी कोलरिजचं नाव ऐकलेलं असण्याची शक्यता शून्य. पण दर जिथे परवडत नाही तिथे माणसं सारखीच युक्ती काढतात.

रोलंड हिल या सुधारकाने १८३७ साली एक पुस्तिका लिहून टपालखात्याचा हिशेब मांडला. लंडनहून एडिंबरोला पत्र वाहून नेण्याचा खरा खर्च पेनीचा अगदी क्षुल्लक अंश होता. पैसा वाहतुकीत जात नव्हता, तो जात होता प्रत्येक पत्राचं अंतर मोजण्यात, नोंद ठेवण्यात आणि दारोदार वसुली करण्यात. उपाय सरळ होता: एकच दर, अंतर कितीही असो, आणि पैसे पाठवणाऱ्याने आधी भरायचे. १८४० साली पेनी पोस्ट सुरू झालं. खासदारांना फुकट पत्रं पाठवण्याची सवलत होती, तीही त्याच वर्षी गेली. १८३९ साली सुमारे ७ कोटी ६० लाख पत्रं गेली होती, १८४० साली ती १६ कोटी ९० लाख झाली.

आपल्याकडे १८५४ च्या कायद्याने तेच केलं. त्याआधी मुंबई-कलकत्ता पत्राला तोळ्यामागे रुपया पडायचा. आता पाव तोळ्यापर्यंतचं पत्र देशात कुठेही अर्ध्या आण्यात जाऊ लागलं. आधी पैसे न भरता पाठवलं तर दुप्पट. आजीच्या ओटीवरचं नॉटपेड हे या १८५४ च्या तरतुदीचं शेपूट.

यातली एक गोष्ट सहसा निसटते. पत्राचा दर वजनावर होता, मजकुरावर किंवा माणसावर नव्हता. नोंदणी केलेल्या वर्तमानपत्रांना सवलतीचा दर होता, म्हणजे भेद होताच. पण तो वर्गाचा भेद होता. नोंदणी केली की कुठल्याही पत्राला तोच दर. एखाद्या धनाढ्य संपादकाने खात्याशी करार करून फक्त आपलंच पत्र वाचकाला फुकट पोचवायचं आणि प्रतिस्पर्ध्याचं नॉटपेड म्हणून अडवायचं, अशी सोय नव्हती. तारेच्या बाबतीत अमेरिकेने हे कायद्यात लिहून टाकलं. पूर्व आणि पश्चिम किनारा जोडणाऱ्या तारेसाठी १८६० साली जो कायदा झाला, त्यात अट होती की सरकारी संदेशांना अग्रक्रम, बाकी सगळ्यांचे संदेश आले त्या क्रमाने आणि भेदभाव न करता पाठवायचे. 'नेट न्यूट्रॅलिटी' हे नाव टिम वू या कायद्याच्या प्राध्यापकाने २००३ च्या सुमारास रूढ केलं, तत्त्व मात्र तारेच्या खांबांइतकं जुनं आहे.

दोन रिंगा

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला, कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना केला. कॉलचा दर मिनिटाला ८ रुपये ४० पैसे होता, गर्दीच्या वेळी त्याच्या दुप्पट. आणि पैसे दोन्ही बाजूंना पडत: करणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही. आज ज्यांचं वय विशीत आहे त्यांना हे खरं वाटत नाही, पण फोन वाजला की आधी नंबर बघायचा, मग 'घरी जाऊन लँडलाइनवरून करतो' असं म्हणून घाईने ठेवायचा, ही तेव्हाची रीत होती.

दूरसंचार नियामक म्हणजे 'ट्राय'ने १९९९ मध्येच ठरवलं होतं की पैसे करणाऱ्यानेच द्यावेत. ते कोर्टात गेलं आणि जानेवारी २००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केलं. लँडलाइनवरून मोबाइलला फोन करणाऱ्या सामान्य माणसावर बोजा पडेल, हा आक्षेपाचा एक मुख्य मुद्दा होता. शेवटी १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं. रिक्षावाला, प्लंबर, भाजीवाला यांच्या हातात मोबाइल दिसू लागला तो त्यानंतर. त्यांचा धंदा येणाऱ्या फोनवर होता, आणि येणारा फोन आता त्यांना महाग नव्हता.

मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. रात्री नऊला घरी दोन रिंगा द्यायच्या आणि कापायचं, म्हणजे जेवण झालं, सगळं ठीक. तीन रिंगा म्हणजे पैसे संपलेत, तुम्ही करा. आई फोनकडे बघून हसायची, म्हणायची, "याच्या आजोबांचं नॉटपेड आलं."

फुकट इनकमिंगच्या मागे कंपन्यांमध्ये मात्र हिशेब चालूच होता. माझ्या कंपनीच्या जाळ्यातून तुमच्या कंपनीच्या जाळ्यात कॉल गेला, तर माझी कंपनी तुमच्या कंपनीला मिनिटामागे काही पैसे देई. २००९ मध्ये हा दर २० पैसे होता, २०१५ मध्ये १४, २०१७ मध्ये ६, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. यावर जुन्या आणि नव्या कंपन्यांत मोठी भांडणं झाली. कारण उघड आहे. एका माणसापर्यंत पोचायचं तर त्याच्या कंपनीच्या दारातूनच जावं लागतं, दुसरी वाट नाही. त्या दारावर बसलेल्याला वाटेल तो टोल मागता येतो. म्हणून नियामकाला मध्ये पडून दर ठरवावा लागला आणि शेवटी तो मिटवावा लागला. हे दार पुढे पुन्हा येणार आहे.

फुकट कोण फिरतं?

आंतरजालाचा हिशेब पत्रापेक्षा आणि फोनपेक्षा वेगळा आहे. इथे दोघेही आपापल्या टोकाचे पैसे देतात. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा साध्या वैयक्तिक जोडणीला २५० तासांचे ५,००० रुपये पडत. ते ग्राहकाच्या टोकाचे पैसे. संकेतस्थळवाला आपल्या टोकाला सर्व्हरचं भाडं आणि बँडविड्थ भरतो. मधल्या मोठ्या जाळ्यांचे आपसात करार असतात, कुणी कुणाला पैसे देतं, कुणी सारखी देवघेव म्हणून फुकट अदलाबदल करतं.

मधल्या या हिशेबाचं एक उदाहरण आपल्याकडचंच आहे. पूर्वी मुंबईतल्या एका कंपनीच्या ग्राहकाने मुंबईतल्याच दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पाठवलेली मेल परदेशात वळसा घालून यायची, आणि त्या वळशाचे पैसे डॉलरमध्ये पडायचे. देशातली रहदारी देशातच राहावी म्हणून २००३ साली 'निक्सी' ही संस्था निघाली. तिथे कंपन्यांमधला हिशेब असा ठरला की जो डेटा मागवतो, त्याने पैसे द्यायचे. तर्क सरळ आहे: आंतरजालावर बहुतेक माल आपणहून येत नाही. कुणीतरी कळ दाबतं, मागतं, तेव्हा तो येतो.

"संकेतस्थळं आमच्या तारांवर फुकट फिरतात" हे वाक्य दूरसंचार कंपन्यांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर माझा अनुभव सांगतो. २००८ साली आम्ही चार मित्रांनी एक छोटा दिवाळी अंक आंतरजालावर काढला. एका होस्टिंग कंपनीची स्वस्तातली योजना घेतली, महिन्याला ठरावीक बँडविड्थ. भाऊबीजेच्या दिवशी एका लेखाचा दुवा बराच फिरला आणि संध्याकाळी अंकाच्या जागी एकच ओळ दिसू लागली: 'बँडविड्थ लिमिट एक्सीडेड'. वाचक वाढले म्हणून अंक बंद पडला होता! वर्गणी काढून पैसे भरले तेव्हा तो तिसऱ्या दिवशी उघडला. आमच्या टोकाचे पैसे आम्ही भरले होते. वाचकांनी त्यांच्या टोकाचे त्यांच्या कंपनीला भरले होते. यात फुकट कोण फिरलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

२०१५

आता त्या वर्षाकडे. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने जाहीर केलं की इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलना साध्या डेटापेक्षा वेगळा, जास्त दर लागेल. ओरड झाली, निर्णय मागे घेतला गेला. मार्च २०१५ मध्ये ट्रायने ११८ पानांचा मसुदा काढून २० प्रश्न विचारले. सूर असा की व्हॉट्सअ‍ॅप, स्काइप यांसारख्या सेवांना परवाना लागावा का, त्यांनी जाळ्याचा खर्च उचलावा का. दहा लाखांहून जास्त ई-मेल ट्रायकडे गेले. त्यात एक माझा होता.

त्याच सुमाराला दुसरी योजना आली. एअरटेल झीरो: कंपन्यांनी ग्राहकाच्या डेटाचे पैसे भरायचे, मग त्यांचं अ‍ॅप ग्राहकाला फुकट. फ्लिपकार्ट त्यात जाणार होतं, टीका झाल्यावर बाहेर पडलं. आणि तिसरी, सगळ्यांत मोठी: फेसबुकचं इंटरनेट डॉट ऑर्ग, जे फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर भारतात आलं आणि पुढे त्याचं नाव 'फ्री बेसिक्स' झालं. निवडक संकेतस्थळं फुकट, बाकीच्यांना डेटाचे पैसे.

इथे मला माझी तेव्हाची चलबिचल प्रामाणिकपणे सांगायला हवी. मी पुण्यात ब्रॉडबँडवर बसून 'इंटरनेट वाचवा' म्हणत होतो. गावात चुलतभावाकडे स्वस्तातला फोन होता आणि महिन्याला एखादं छोटं डेटा पॅक. तो मला म्हणाला, "दादा, मला हवामान नि बाजारभाव फुकट मिळत असेल तर तुझं काय जातंय?" मला चटकन उत्तर देता आलं नाही. पोटभरलेल्याने उपाशी माणसाला 'अर्धी भाकरी घेऊ नकोस' सांगावं, तसं ते होतं. फ्री बेसिक्सच्या पानपानभर जाहिराती नेमकं हेच म्हणत होत्या, आणि त्यांच्या म्हणण्यात खोट होती असं मला आजही वाटत नाही.

खोट दुसरीकडे होती, आणि ती दिसायला मला टपालाच्या इतिहासाने मदत केली. १८५४ चा कायदा करणाऱ्यांनाही गरिबाचा प्रश्न होताच. त्यांनी दर इतका खाली आणला की जवळपास कुणालाही परवडावा, आणि मग पत्र कुणाला लिहायचं हे त्याच्यावर सोडलं. फ्री बेसिक्स म्हणत होतं: दर आहे तो राहू दे, आम्ही निवडलेल्या पत्त्यांवर पत्र फुकट. चुलतभावाला बाजारभाव मिळाला असता, पण कुठल्या संकेतस्थळावरचा, हे त्याने ठरवलं नसतं. आणि आमच्या दिवाळी अंकासारखी मराठी संकेतस्थळं, ज्यांच्यामागे वर्गणीपलीकडे काही नाही, त्याच्या फोनवर नॉटपेड पाकिटासारखी आली असती. बघायची आणि परत करायची. १९९६ साली परदेशातल्या मराठी मंडळींनी 'मायबोली' सुरू केली, तेव्हा कुठल्याही फोन कंपनीशी करार करावा लागला नव्हता. सर्व्हरचे पैसे भरले की पुरे होतं. मराठीला आंतरजालावर जागा मिळाली ती या अटीवर.

डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने वेगवेगळ्या दरांबद्दल पुन्हा मतं मागवली. सुमारे २४ लाख प्रतिक्रिया आल्या, त्यांतल्या बहुसंख्य फ्री बेसिक्सच्या बाजूने एकाच साच्यातल्या. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यात नाहीत, असं ट्रायने फेसबुकला सुनावलं. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी, आर. एस. शर्मा अध्यक्ष असताना, नियम आला: मजकूर कुठला आहे यावरून डेटाचा दर वेगळा लावता येणार नाही. मोडला तर दिवसाला ५०,००० रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. अपवाद मुख्यतः आणीबाणीच्या सेवांचा. २०१८ च्या जुलैत वेग आणि अडवणूक यांबाबतही तेच तत्त्व परवान्यांच्या अटींत आणायचं सरकारने मान्य केलं.

चुलतभावाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र नियमाने दिलं नाही, ते दराने दिलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. ट्रायच्या आकड्यांनुसार २०१४ मध्ये एका जीबीला सरासरी २६९ रुपये पडत, २०१८ मध्ये बारा रुपयांहून कमी. आता त्याला सगळंच आंतरजाल परवडू लागलं, कुणी निवडून दिलेलं नव्हे. मला यात विजयाचा आनंद पूर्ण घेता येत नाही, कारण ते स्वस्त एका बड्या उद्योगसमूहाच्या खिशातून आलं आणि त्या लढाईत अनेक कंपन्या मिटल्या. दारं कमी उरली.

पुन्हा तेच दार

२०२३ पासून दूरसंचार कंपन्यांची संघटना नवी मागणी करते आहे: जास्त रहदारी आणणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी जाळ्याच्या खर्चात 'न्याय्य वाटा' द्यावा. मोठ्या म्हणजे गूगल, मेटा, नेटफ्लिक्स. ऐकायला बरोबर वाटतं. या कंपन्यांबद्दल मलाही माया नाही. पण कॉलवरचा हाच टोल आपण २०२१ मध्ये शून्यावर आणला, आणि दोन वर्षांत तो डेटाच्या दारावर परत मागितला जातो आहे.

दक्षिण कोरियात तो आहे. तिथे २०१६ पासूनच्या नियमांनुसार ज्या जाळ्यातून डेटा निघाला, त्याने पोचवणाऱ्या जाळ्याला पैसे द्यायचे. तो खर्च मजकुरवाल्यांवर ढकलला गेला. नेटफ्लिक्स तिथल्या एका कंपनीशी कोर्टात भांडलं आणि २०२३ मध्ये तडजोड झाली. नेटफ्लिक्सला वकील परवडतात. थेट प्रक्षेपणाची 'ट्विच' ही सेवा मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये कोरियातून निघून गेली. इतर बहुतेक देशांच्या दसपट खर्च जाळ्यावर येतो, असं तिने सांगितलं. ती सेवा अ‍ॅमेझॉनच्या मालकीची आहे. अ‍ॅमेझॉनच्या लेकराला जे परवडलं नाही, ते उद्या छोट्यांपर्यंत उतरलं तर वर्गणीवर चालणाऱ्या मराठी अंकाला कसं परवडणार?

जाळं उभारायला पैसे लागतात, हे खरंच आहे. ते दरात मागावेत, सरळ, सगळ्यांकडून, वजनावर. तो दर जास्त वाटला तर त्यावर भांडता येतं. दारावरच्या टोलवर भांडता येत नाही, कारण तो आपल्याला दिसतच नाही. फक्त काही पत्रं येईनाशी होतात.

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्या शेवटच्या काळात मी तिला विचारलं होतं, इतकी नॉटपेड पाकिटं परत केलीस, त्यातलं एखादं तरी उघडून बघावंसं वाटलं नाही? ती म्हणाली, "एकदा सोडवलं. तुझे बाबा झाले तेव्हा. वाटलं, आज काहीतरी लिहिलं असेल."

"मग?"

"कोराच होता रे. त्यांना तरी काय ठाऊक, मी आज पैसे देणार आहे ते."